नुसते ओठ हलव

‘तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.’

हे वाक्य लहानपणी ऐकलेली दोन-तीन माणसं तरी तुमच्या ओळखीत असतील. कदाचित तुम्हीच त्यातले एक असाल. गॅदरिंग जवळ आलेलं असतं. वीस-पंचवीस मुलं तीन रांगांत उभी असतात, पेटी वाजत असते आणि एक आवाज सारखा बाजूला पळत असतो. मग बाई किंवा सर त्या मुलापाशी येतात. रागावत वगैरे नाहीत. कानाशी वाकून, हळू आवाजात, प्रेमानंच सांगतात. मूल मान डोलावतं. गाणं छान होतं, टाळ्या पडतात, विषय संपतो.

या वाक्यात नेमकं चुकीचं काय आहे, एवढाच माझा प्रश्न आहे. ऐकल्या ऐकल्या ते खुपतं हे खरं. पण का खुपतं, हे सांगायला गेलो की जीभ अडखळते. कारण वाक्याच्या बाजूनंही बरंच बोलता येतं. मुलाला रांगेतून काढलेलं नाही. त्याला इतरांसारखाच फेटा, इतरांसारखाच झब्बा मिळालाय. आई खूश आहे. बाकीच्या मुलांनी महिनाभर केलेली मेहनत वाया गेली नाही. कुणाला लागलं नाही, कुणी रडलं नाही. मग तक्रार कसली?

मी रत्नागिरीत राहतो. गाण्याचा शिक्षक नाही. पेटी वाजवता येते आणि भजनाला बसतो, एवढीच माझी पात्रता. पण तेवढ्यावर दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात कुठल्या ना कुठल्या बालवाडीतून फोन येतो, ‘मुलांचं समूहगीत बसवतोय, याल का?’ मी जातो. मुलं चार ते सहा वयाची. यातली निम्मी मला काका म्हणतात आणि निम्मी पेटीवाले म्हणतात. या वयाच्या मुलांबरोबर काही हिवाळे घालवले की वरचा प्रश्न टाळता येत नाही.

०००

आधी साधा हिशेब करू. ओठ हलवणं म्हणजे न गाता गातोय असं दाखवणं. म्हणजे खोटं. हे खोटं कुणाशी बोललं जातं?

प्रेक्षकांशी. पण त्यांचं काही बिघडत नाही. पंचवीसातला एक आवाज कमी होता हे त्यांना कळतही नाही आणि कळून उपयोगही नाही.

आईशी. ती गर्दीतून मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढते, झूम करते, रात्री फॅमिली ग्रुपवर टाकते. मुंबईहून आत्या आणि दुबईहून काका अंगठे पाठवतात. हे खोटं थोडं मोठं आहे, कारण इथं विश्वास आहे.

आणि तिसरं खोटं त्या मुलाच्या वाट्याला येतं. खरं काय घडलं ते त्या सगळ्या गर्दीत फक्त त्यालाच माहीत असतं. ‘कित्ती छान गायलास रे!’ म्हणून कुणी गालगुच्चा घेतला तर त्यानं काय करायचं? हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर फजिती. पाच वर्षांच्या जिवावर आपण एक गुपित सोपवतो आणि ते सांभाळायचं कसं हे सांगतही नाही.

लहान मुलं खोटं बोलतात, त्यात विशेष काही नाही. चॉकलेट खाऊन नाही म्हणणारं मूल सगळ्यांच्या घरी असतं. पण ते त्याचं स्वतःचं खोटं असतं आणि पकडलं की संपतं. इथं खोटं मोठ्या माणसानं हातात दिलेलं असतं, तेही ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे अशा माणसानं. शिवाय त्याबद्दल बक्षीस म्हणून टाळ्या मिळतात.

पण मला खोटेपणापेक्षाही जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. ते मूल त्या वाक्यातून काय शिकतं? सूर लागत नाही, हे शिकत नाही. तेवढं बारीक त्याला कळत नसतं. मला आवडणारी गोष्ट माझ्या असण्यानं बिघडते, हे मात्र शिकतं. आणि हे शिकलेलं सहजी पुसलं जात नाही. कॉलेजच्या सहलीत बस गात असताना खिडकीबाहेर बघणारे, कराओकेचा माइक पुढे आला की तो शेजाऱ्याकडे सरकवणारे, स्वतःच्या लेकराला झोपवताना अंगाई म्हणण्याऐवजी मोबाइलवर लावणारे लोक मला माहीत आहेत. ‘माझा आवाज चांगला नाही,’ असं ते म्हणतात. कधीपासून, असं विचारलं तर बऱ्याचदा उत्तरात एखादी शाळा निघते.

अठराव्या शतकात इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानं नीतीची एक कसोटी सांगितली होती. ती सोपी करून सांगायची तर माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. या कसोटीवर आपली रांग लावून बघा. गाणाऱ्या मुलाचाही कार्यक्रमासाठी उपयोग होतो, पण त्या उपयोगात ते स्वतः सामील असतं, त्याला काहीतरी मिळत असतं. ओठ हलवणाऱ्या मुलाचा उपयोग फक्त रांग भरलेली दिसावी म्हणून होतो. कुंडी ठेवावी तसं ते तिथं ठेवलेलं असतं.

०००

याच गोष्टीचं जगानं पाहिलेलं एक उदाहरण आहे. ८ ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिम्पिकचा उद्‌घाटन सोहळा. लाल फ्रॉक घातलेल्या लिन मियाओके या ९ वर्षांच्या मुलीनं देशाचं एक गौरवगीत गायलं आणि जगभरचे प्रेक्षक हरखले. काही दिवसांनी त्या सोहळ्याचे संगीत दिग्दर्शक चेन छिगांग यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं, की ऐकू आलेला आवाज तिचा नव्हताच. तो यांग पेईयी या ७ वर्षांच्या मुलीचा होता. तिचा आवाज सगळ्यात चांगला होता, पण दिसायला ती हवी तशी नाही असं ठरलं. देशाच्या प्रतिमेसाठी हे केलं, असं समर्थन दिलं गेलं.

तेव्हा सगळ्या जगानं चीनला नावं ठेवली. मला मात्र ती बातमी आठवली की आपलीच गॅदरिंग डोळ्यांसमोर येतात. बीजिंगमध्ये एका मुलीचा आवाज घेतला आणि चेहरा मागे ठेवला. आपण चेहरा घेतो आणि आवाज मागे ठेवतो. दोन्हीकडे मूल अर्धंच घेतलेलं आहे. ‘देशाच्या प्रतिमेसाठी’च्या जागी ‘शाळेच्या नावासाठी’ एवढाच काय तो फरक.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. तो असा : मग निवड करायचीच नाही का? चोवीस मुलं मनापासून सुरात गातात, त्यांच्या कष्टांना किंमत नाही का? नीट गाणं हीसुद्धा एक चांगली गोष्ट आहे. सगळ्यांना खूश ठेवण्याच्या नादात तिचा बळी का द्यायचा?

मला हे पटतं. बेसूर चालवून घ्या, मुलं गोड दिसली की झालं, असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही. त्या म्हणण्यातही मुलाचा एक अपमान लपलेला आहे, कारण या मुलाला जमण्यासारखं काही नाही असं त्यात आधीच धरलेलं असतं. आणि निवड करणं मुळात वाईट नाही. व्हिएन्ना बॉइज क्वायर ही जगप्रसिद्ध मंडळी चाचणी घेऊनच मुलांना घेतात. क्रिकेटच्या संघात अकराच जण खेळतात. पण तिथं निवड उघड असते. मुलगा दहा-बारा वर्षांचा असतो, आपण कशासाठी चाललोय ते त्याला ठाऊक असतं, आणि नाही निवडला गेला तर त्याला दुसरीकडे जायला वाट असते. नापास झालेल्या मुलाला पांढरे कपडे घालून मैदानात उभं करत नाहीत आणि ‘बॉल आला की नुसता हात फिरव’ असं सांगत नाहीत.

म्हणजे निवड वेगळी आणि ढोंग वेगळं. निवडीत मुलाला ‘नाही’ ऐकावं लागतं, पण ते खरं असतं. ढोंगात त्याला ‘हो’ मिळतं आणि ते पोकळ असतं. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर निवडीलाही अर्थ नाही, कारण निवडायचं काय, तेच अजून तयार झालेलं नसतं.

हे शेवटचं वाक्य भावनेच्या भरात लिहिलेलं नाही. त्यासाठी थोडं पेटीपाशी यावं लागेल.

०००

लहान मुलाचा गळा म्हणजे मोठ्या माणसाच्या गळ्याची छोटी प्रत नसते. स्वरतंतू आखूड असतात आणि त्यांची आतली रचना वयात येईपर्यंत घडतच असते. चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना आरामात गाता येईल असा पट्टा जेमतेम पाच-सहा सुरांचा असतो. पेटीवर सांगायचं तर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहाच्या आसपासपर्यंत. त्याच्या खाली आवाज नुसता बोलल्यासारखा होतो आणि वर गेला की किंचाळी होते.

आता आपण करतो काय? यूट्यूबवरून ट्रॅक उतरवतो. तो मोठ्या गायकानं किंवा गायिकेनं त्यांच्या पट्टीत गायलेला असतो. चाल खाली मंद्र पंचमापर्यंत उतरते आणि अंतऱ्यात तार षड्ज ओलांडते. म्हणजे दीड सप्तक. पाच सुरांच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांना आपण दीड सप्तकाच्या मैदानात सोडतो. मग काही मुलं ओरडून वर पोचतात आणि आपण त्यांना ‘आवाज मोठा आहे हो!’ म्हणून पुढच्या रांगेत घेतो. खरं तर तसं ओरडून ओरडून गळा बसतो. स्वरतंतूंवर गाठी आलेली मुलं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. काही मुलं वर जातच नाहीत, बोलण्याच्या आवाजात खालीच राहतात. त्यांना आपण बेसूर म्हणतो.

एका वर्षी अशीच एक मुलगी होती. पाच वर्षांची, मिरकरवाड्याकडून यायची. घर जेटीजवळ, जिथं बोटींच्या इंजिनावर आवाज चढवूनच बोलावं लागतं. तिचा आवाज जाड, खडखडीत आणि एका जागी घट्ट बसलेला. गाणं कुठंही जावो, ती तिथंच. तिच्या बाईंनी तिला ते वाक्य सांगितलं होतं. बाई वाईट नव्हत्या. तीस मुलं, एक मदतनीस आणि गॅदरिंगला तीन आठवडे, एवढ्या भांडवलावर त्या उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या पेटीजवळ येऊन म्हणाली, ‘काका, माजा आवाज बंद करायचाय.’ म्हणजे कसा करायचा, ते तिला विचारायचं होतं. पेटीला भाता असतो, तो थांबवला की आवाज बंद होतो, हे तिनं बघितलेलं होतं.

मी तिला म्हटलं, आधी चालू कसा होतो ते बघू. आणि आम्ही एक उलटा खेळ खेळलो. एरवी पेटी सूर देते आणि मूल तो पकडायला धावतं. इथं तिनं हवा तो सूर काढायचा आणि तो पेटीवर मी शोधायचा. तिनं ‘आऽऽ’ केलं. माझी बोटं दोन-तीन पट्ट्यांवरून फिरून तिच्या सुरावर आली. दोन आवाज एकमेकांत मिसळले की एक विशिष्ट शांतता होते, गाणाऱ्यांना ती ओळखीची असते. तिलाही ती ऐकू आली. तिचे डोळे मोठे झाले. ‘सापडला!’ ती ओरडली.

त्यानंतरची युक्ती माझी नाही, जगभर बालगायन शिकवणारे ती वापरतात. मुलाला त्याच्या बोलण्याच्या आवाजातून बाहेर काढायचं तर गाणं बाजूला ठेवून आवाजाशी खेळायचं. कोकीळ काढायची. ॲम्ब्युलन्स काढायची. डोंगरावरच्या माणसाला हाक मारायची. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण नकळत दोन सूर लावतो, वरून खाली, साधारण पंचमावरून गंधारावर येतो तसे. कोकणातल्या कुठल्याही वाडीत संध्याकाळी ‘ए आयेऽऽ’ ऐका, तुम्हाला हे दोन सूर सापडतील. हंगेरीचा संगीतकार झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) याच्या नावानं ओळखली जाणारी शिक्षणपद्धत याच दोन सुरांच्या गाण्यांपासून सुरू होते, मग तिसरा सूर, मग चौथा. त्याच्या विचारातून १९५० साली केचकेमेत या गावी रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. शाळेत गाणं हुशार गळ्याच्या मुलांसाठी नसून सगळ्यांसाठी आहे, हे त्यामागचं गृहीतक होतं.

आमच्या समूहगीतात आम्ही तीन साधे बदल केले. ट्रॅक काढून टाकला. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर बघून पट्टी ठरवली. आणि फार वर जाणारा अंतरा वगळला. बाईंनी त्याला जराही खळखळ न करता मान्यता दिली. शिवाय मी सूर गाऊन द्यायचं थांबवलं. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजाखाली एक सप्तक असतो, त्यामुळं लहान मुलं गोंधळतात. सूर द्यायला सहा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी पुढे केली. सराव रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

तुम्हाला चमत्काराची गोष्ट हवी असेल तर ती इथं नाही. मिरकरवाड्याची मुलगी तीन आठवड्यांत गायिका झाली नाही. पहिल्या दोन ओळी ती सगळ्यांबरोबर राहायची, तिसरीत उत्साह चढला की परत खाली घसरायची. पण जिला आपण ‘सूरच नाही’ म्हणून रांगेत गप्प उभं करणार होतो, तिला दोन ओळींचा सूर होता. खऱ्या अर्थानं सूर न ओळखता येणारी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांच्या बाबतीत सूर जुळणं ही चालता येण्यासारखी गोष्ट आहे : कुणी दहाव्या महिन्यात चालतं, कुणी सोळाव्या. सोळाव्या महिन्यात चालणाऱ्या बाळाला आपण ‘तू नुसते पाय हलव’ म्हणत नाही.

इथं मला ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आठवतात. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९४५ पासून बोर्डीत बालवाडी चालवली. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. कुणी गुरं राखायचं, कुणी धाकटं भावंडं सांभाळायचं. ‘या मुलांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यातल्या अंगणात नेली. आज आपण इतक्या सहज वापरतो त्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागं हा विचार आहे.

पेटीच्या बाबतीतही नीतीचा मुद्दा माझ्या मते तोच आहे. मूल सुरापर्यंत येत नसेल तर मुलाला वगळण्याआधी सूर मुलाच्या अंगणात नेऊन बघितला का? पट्टी कुणी निवडली? गाणं कुणी निवडलं? ती निवड मोठ्यांची असते आणि तिची किंमत मात्र सगळ्यात लहान माणूस गप्प राहून चुकवतो. यात अन्याय आहे. आणि ‘ओठ हलव’ या वाक्याचा गोडवा असा, की तो अन्याय आपल्यालाच दिसत नाही.

०००

कोकणात राहणारा माणूस यावर लगेच म्हणेल, एवढं कशाला, आमच्या गणपतीत बघा. खरंच बघा. आरती सुरू झाली की वाडीतलं प्रत्येक पोर हजर. ज्याच्या हाताला झांज लागते तो झांज बडवतो, बाकीचे टाळ्या पिटतात. शब्दांचा चुराडा होतो, चाल वाकडीतिकडी होते, एखादं दोन वर्षांचं कारटं फक्त शेवटचं अक्षर ओढतं. कुणीही कुणाला ‘तू गप्प राहा’ म्हणत नाही. माझ्या माहितीतल्या भजनी बुवांपैकी बहुतेकांचं गाणं असंच कुणाच्या तरी पडवीत सुरू झालं.

आरतीत आणि गॅदरिंगमध्ये एक साधा फरक आहे : तोंड कुणीकडे आहे. आरतीत सगळ्यांची तोंडं गणपतीकडे असतात, आजोबांची आणि नातवाचीही. ऐकणारा समोर बसलेला नसतो. रंगमंचावर मुलं प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहतात आणि त्या क्षणी गाणं ही दाखवायची वस्तू होते. मोबाइल आल्यापासून तर ती साठवायची आणि पाठवायची वस्तूही झाली. वस्तू म्हटली की डाग चालत नाही.

पण आरतीचं फार कौतुक करून मी थांबणार नाही. आरतीत प्रत्येकाला जागा असते हे खरं, पण तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही हेही तितकंच खरं. ज्याची झांज मोठी तो पुढे. समूहगीतात मुलाला असं काहीतरी मिळतं जे आरतीत मिळत नाही : शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज त्यात बसवणं. स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकणं ही फार अवघड गोष्ट आहे. टीव्हीवरच्या चर्चा बघा, मोठमोठ्यांना जमत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ती गाण्यातून जमायला लागते. म्हणून मला समूहगीत महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच ते नीट व्हावं असंही वाटतं. सुरात गाणं म्हणजे शेजारी कुणीतरी आहे हे मान्य करणं. हा धडा मिळण्याचा हक्क रांगेतल्या पंचविसाव्या मुलालाही आहे. त्याला तर तो जास्तच हवा आहे.

या मातीतल्या एका माणसाला हे चांगलं उमगलं होतं. वसंत देसाई, जन्म १९१२, सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावचे. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना देशभरच्या शाळांनी कधी उचलल्या आणि आपल्या केल्या ते कुणाला कळलंही नाही. त्यांच्या चालींकडे पेटी घेऊन बघा. उगाच वर चढणं नाही, श्वास संपेल एवढी लांब ओळ नाही. हजार जणांना एकत्र म्हणता येईल अशी ती बांधणी आहे. ‘एक सूर एक ताल’ या नावानं त्यांनी महाराष्ट्रात शाळकरी मुलांकडून हजारोंच्या संख्येनं समूहगान करून घेतलं. चित्रपटात लता मंगेशकरांसारखा गळा हाताशी असलेला हा माणूस. हजार साध्या गळ्यांसाठी चाल करताना कस आपला लागतो, त्या गळ्यांचा नव्हे, हे त्याला माहीत होतं.

०००

एक बाजू राहिली. काही मुलांना गायचंच नसतं. सरावात मनापासून गाणारं मूल पडदा उघडला, दिवे डोळ्यांवर आले आणि समोर तो काळा, खोकणारा अंधार दिसला की दगड होतं. शहरातलं सावरकर नाट्यगृह मोठ्यांनाही मोठं वाटतं. तीन फूट उंचीच्या माणसाला ते केवढं वाटत असेल? अशा वेळी विंगेतून ‘गा ना! गा!’ असे हातवारे सुरू होतात. खाली बसलेले आईवडीलही तेच करतात.

मला वाटतं, ज्या न्यायानं मुलाला गप्प करू नये त्याच न्यायानं त्याला गायलाही लावू नये. गप्प राहणं आणि गप्प केलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाहेरून दिसायला त्या सारख्या असल्या तरी. एक मूल नुसतं उभं राहतं, ऐकतं, आणि घरी जाऊन आजीला सगळं गाणं म्हणून दाखवतं. त्यानंही त्या दिवशी समूहगीतात भाग घेतलेला असतो. आधी दोनदा रिकाम्या रंगमंचावर नेऊन आणलं, दिवे लावून दाखवले, ओळखीचं माणूस पहिल्या रांगेत बसवलं आणि चार तास मेकअप करून ताटकळत ठेवलं नाही, तर ही भीती पुष्कळ कमी होते. उरली तर उरू द्यावी. रडणाऱ्या मुलाला उचलून बाहेर आणल्यानं कुठलाही कार्यक्रम पडत नाही.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक अशा वयाचे असाल की पुढच्या डिसेंबरात कुणाचे तरी दादा, ताई, मामा किंवा मावशी म्हणून गॅदरिंगला जाल. काही जण शिकवत असाल, किंवा सोसायटीच्या गणपतीत मुलांचं गाणं बसवण्याचं काम तुमच्या गळ्यात पडेल. तेव्हा ट्रॅक लावण्याआधी एकदा पट्टी बघा. मोबाइलवर ती बदलणारी ॲप फुकट मिळतात. जो आवाज बाजूला पळतोय त्याच्यामागे एकदा तुम्ही धावून बघा. आणि खाली बसून व्हिडिओ काढत असाल तर घरी आल्यावर ‘छान गायलीस’ म्हणण्याऐवजी ‘मला म्हणून दाखव ना’ म्हणा. ती म्हणेल, कदाचित भलत्याच सुरात. मग तुम्हीही तिच्या सुरात म्हणा. तिच्या पट्टीत म्हणताना तुमचाही गळा थोडा अडखळेल, आणि ते तिला दिसू द्यायला हरकत नाही.